फोटोवर "कडक" सोडून काय लिहावं? हौशी ग्रुपमध्ये उपयोगी पडणारा अभिप्राय कसा द्यायचा

मासुंदाकाठ (ठाणे)

नमस्कार मंडळी. ठाण्यापासून ऐरोली-नेरूळपर्यंतच्या हौशी फोटोवाल्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वयं कॉलेजपासून पेन्शनरांपर्यंत, हातात साध्या मोबाइलपासून ६०० मिमीच्या झूमपर्यंत सगळं. महिन्यातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये भेटतो आणि टीव्हीवर एकमेकांचे फोटो बघतो.

ग्रुपवर फोटो पडला की "कडक", "एक नंबर" आणि अंगठे. ज्याला खरंच शिकायचंय त्याच्या पदरात काही पडत नाही. दोन-चार जाणकार लिहितात तेही "शार्प नाही", "कंपोझिशन गंडलंय" एवढंच. त्यातून चूक कळते, उपाय कळत नाही, आणि नवा माणूस पुढच्या वेळी फोटो टाकायलाच धजत नाही. म्हणून अभिप्रायाची काही रीत बसवायची आहे.

नुसत्या तत्त्वांवर चर्चा नको म्हणून तीन फोटोंचं वर्णन देतो. काढणाऱ्यांची परवानगी घेतली आहे.

प्रचि (प्रकाशचित्र) १: सीवूड्सच्या डीपीएस तलावावर उडणारा रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा. मे महिना, सकाळचे अकरा. एपीएस-सी (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा, ४०० मिमी, छिद्र एफ/११ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर १/४०० सेकंद, आयएसओ (संवेदनशीलता) २००. पंखांची टोकं पुसट, मागच्या इमारतींच्या खिडक्या वेड्यावाकड्या, गुलाबी रंग भडक.

प्रचि २: पाडव्याच्या स्वागतयात्रेत गोखले रोडवर बुलेट चालवणारी फेटा-नऊवारीतली मुलगी. मोबाइल, पोर्ट्रेट मोड. मागे मोठा फ्लेक्स, फेट्याचा तुरा अर्धा पुसला गेलाय, चेहरा अंधारात. काढणारी नवीन आहे.

प्रचि ३: रात्री साडेआठची तलावपाळी (ठाण्याच्या मासुंदा तलावाचा काठ). ट्रायपॉड, एफ/२२, ३० सेकंद, आयएसओ १००. दिव्यांना चांदणीसारखी टोकं आलीत, बोटींच्या जागी भुरकट पट्टे, पलीकडचा काठ तिरका वाटतो.

यांवर तुम्ही काय लिहाल? नवख्याला किती सांगावं? दुसऱ्याचा फोटो स्वतः एडिट करून टाकणं बरं की वाईट?

---

खाडीकाठ (ऐरोली)

अभिप्रायात तीन गोष्टी यायला हव्यात: फोटोत काय दिसतंय, ते कशामुळे झालं, आणि पुढच्या खेपेला काय बदलायचं. मधली गोष्ट बहुतेक जण गाळतात. "शार्प नाही" ही फक्त पहिली झाली. कारण न शोधता उपाय सुचवला तर तो सरळ चुकतो. "शटर वाढव" म्हटलं आणि फोकसच मागच्या झुडपावर बसला असेल, तर १/४००० लावूनही पुढचा फोटो तसाच येणार.

कारण बहुधा फोटोतच सापडतं. मूळ फाइल १०० टक्के मोठी करा आणि पुसटपणा कुठे आहे, कोणत्या जातीचा आहे ते बघा. सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसतेय आणि प्रकाशाच्या ठिपक्यांच्या बारीक रेघा झाल्यात, तर कॅमेरा हललाय. स्थिर गोष्टी नीट आहेत पण पंख, हात, चाकं पुसट आहेत, तर विषय हललाय आणि शटर कमी पडलंय. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचं गवत किंवा मागची फांदी टोकदार, तर फोकस चुकलाय. कुठेच काही धड नाही, सरळ कडा नागमोडी दिसताहेत आणि लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये वाकडेपणा वेगवेगळा आहे, तर ती तापलेल्या हवेची थरथर. तिच्यावर ना शटर चालतं ना महागडी लेन्स. अंतर कमी करायचं किंवा लवकर यायचं, एवढंच. आणि सगळीकडे सारखाच हलका मऊपणा असेल, छिद्र एफ/१६ च्या पलीकडे असेल, तर डिफ्रॅक्शन (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरणं). मोबाइलमध्ये आणखी एक प्रकार येतो. पानं, केस जलरंगात रंगवल्यासारखे दिसले, तर तो कमी उजेडातला नॉइज (दाणेदारपणा) पुसण्याचा किंवा डिजिटल झूमचा परिणाम.

हे ओळखता आलं की अभिप्राय आपोआप सौम्यही होतो. "तुला जमलं नाही" असं म्हणायची वेळच येत नाही, "शटर १/४०० होतं" असं म्हणता येतं.

प्रचि १ मध्ये दोन कारणं एकत्र आहेत. पंखांची टोकं शटरमुळे, खिडक्या गरम हवेमुळे. मी असं लिहीन:

"थवा वळतानाचा क्षण पकडलाय, त्यामुळे पंखांतली काळी पिसं बहुतेक सगळ्या पक्ष्यांची दिसतात. हे असंच ठेवा. पंखांची टोकं हललीत, कारण १/४०० उडत्या पक्ष्याला कमी पडतं. शिवाय एपीएस-सीवर ४०० मिमी म्हणजे ६०० मिमीसारखं दृश्य, नुसता हात स्थिर ठेवायलाही १/६०० च्या आसपास हवं. एफ/११ ची गरज नव्हती, थवा लांब होता. एफ/६.३ वर आलात तर १⅔ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) मिळतात, आयएसओ ४०० केलात तर आणखी एक. तेवढ्याच उजेडात १/४०० चं १/२५०० होतं. इमारतींच्या कडा मात्र याने सुधारणार नाहीत, त्यासाठी ऊन तापायच्या आत यावं लागेल."

बघा, यात "छान" हा शब्द नाही, पण काय छान आहे ते आहे. कौतुकही नेमकं असलं पाहिजे. काय जमलं हे माणसाला कळलं नाही, तर पुढच्या वेळी चूक सुधारताना ते जमलेलंही हातचं जातं.

रंगाबद्दल: "सॅच्युरेशन जास्त झालंय" म्हटलं की लोक वाद घालतात, "प्रत्यक्षात तसाच होता" म्हणतात. त्याऐवजी पुरावा दाखवा. आरजीबी हिस्टोग्राममध्ये (लाल-हिरव्या-निळ्या रंगांच्या उजेडाच्या आलेखात) लाल चॅनल उजव्या भिंतीला चिकटलाय का बघा. चिकटला असेल तर पिसांतले बारीक पदर जाऊन नुसता गुलाबी थर उरतो. सॅच्युरेशनचा स्लायडर मूळ जागी, म्हणजे शून्यावर आणा, एक्स्पोजर पाव-अर्धा स्टॉप खाली घ्या आणि पदर परत येतात का ते पाहा. आले, तर चूक एडिटिंगची. नाही आले, तर काढतानाच जळलेत आणि पुढच्या वेळी एक्स्पोजर मायनस ०.७ लावून काढायचं.

प्रचि ३ बद्दल थोडक्यात: एफ/२२ नको. एफ/११ वर दोन स्टॉप वाचतात, ३० सेकंदांचे ८ होतात आणि डिफ्रॅक्शनही बरंच कमी होतं.

---

भरती_ओहोटी (नेरूळ)

खाडीकाठ यांनी "लवकर या" म्हटलंय, पण त्या तलावावर नुसतं लवकर येऊन भागत नाही. खाडीतली चिखलाची मैदानं भरतीत बुडतात तेव्हा रोहित सीवूड्सच्या तलावांवर येतात. ओहोटीला पहाटे सहाला गेलात तर तलाव रिकामा भेटेल. हे ज्याला माहीत नाही, तो "सकाळी या" हा सल्ला पाळून हात हलवत परत जाईल.

आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास असते, आणि रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे उधाणाच्या दिवशी पक्षी भरपूर येतात पण ऊन डोक्यावर. त्याच्या दोन-तीन दिवस आधी भरती साडेनऊ-साडेदहाच्या दरम्यान येते आणि पक्षी त्याआधीच सरकू लागतात. उजेड तिरपा, हवा अजून तापलेली नाही. अष्टमीच्या सुमारास भरती भल्या सकाळी असते खरी, पण ती भांगाची. पाणी फार चढत नाही, मग पक्षी खाडीतच राहतात. त्या दिवसाचा भरतीचा तक्ता बघूनच निघावं. प्रचि १ वर मी एवढंच जोडेन: "पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी, भरतीच्या दीड-दोन तास अगोदर पोचा, सूर्य पाठीशी घ्या."

दुसरं, आणि माझ्या मते सेटिंगपेक्षा महत्त्वाचं. उडत्या थव्याच्या फोटोवर विचारायलाच हवं की थवा आपणहून उठला की कुणी जवळ गेलं होतं. फोटोत खुणा असतात. सगळ्या माना ताठ, सगळ्यांची पाठ कॅमेऱ्याकडे, काही पक्षी अजून पाण्यावर धावताहेत, तर बहुधा उठवलेत. अशा फोटोला "काय क्षण पकडलाय!" म्हटलं की पुढच्या रविवारी चार जण तेच करतात. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). तलाव त्या हद्दीबाहेर असला तरी पक्षी तेच आहेत, आणि तलावावर ते विश्रांतीला येतात. हा मुद्दा ग्रुपवर चारचौघांत काढू नका, खासगीत विचारा. माणूस बरेचदा अनभिज्ञ असतो.

घरट्याचे फोटो तर आमच्याकडे चर्चेलाच घेत नाहीत. येऊरच्या जंगलातल्या घुबडाच्या ढोलीचा फोटो कितीही चांगला असो, त्यावर कौतुकाचा पाऊस पडला की जागा विचारणारे मेसेज सुरू होतात.

---

चेंदणीकर

प्रचि ३ वर मी खाडीकाठ यांच्याशी असहमत आहे. एफ/२२ चूक ठरवायच्या आधी काढणाऱ्याला विचारायला हवं होतं, "दिव्यांच्या चांदण्या मुद्दाम आणल्यात का?" मुद्दाम असतील तर छिद्र लहान ठेवावंच लागणार. एफ/८ ला बहुतेक लेन्समध्ये ती टोकं निस्तेज पडतात. मग सल्ला बदलतो: "एफ/१६ वर १५ सेकंद करून बघा, चांदण्या राहतील आणि मऊपणा बराच कमी होईल." टोकांची संख्या लेन्सच्या छिद्राभोवतीच्या पात्यांवर ठरते. पाती सम असतील तर तेवढीच टोकं, विषम असतील तर दुप्पट. नऊ पात्यांच्या लेन्सला अठरा टोकं येतात, आणि तलावपाळीसारख्या ठिकाणी शंभर दिव्यांना अठरा-अठरा टोकं म्हणजे नुसता गोंगाट. सहा-आठ पात्यांची लेन्स असेल तर परिणाम सुटसुटीत दिसतो. हे सगळं "काय हवं होतं?" या एका प्रश्नानंतरच बोलता येतं. म्हणून आमच्याकडे पहिला प्रतिसाद नेहमी प्रश्नच असतो.

बोटींचे पट्टे: ८ सेकंदांनीही ते जाणार नाहीत, पायाने चालवायची बोट तेवढ्या वेळात चांगली लांब जाते. दोनच वाटा. बोटिंग बंद झाल्यावर काढायचं, किंवा बोट हवीच असेल तर एफ/११ ठेवून आयएसओ ८०० आणि १ सेकंद. उजेड तेवढाच, बोट ओळखू येण्याइतकी राहते, आणि नशिबाने बोटवाला थांबलेला असला तर स्वच्छ येते.

तिरकेपणाबद्दल सावध राहा. तलावाचा पलीकडचा काठ तिरका दिसला म्हणून फोटो तिरका असेलच असं नाही. काठ एका बाजूने आपल्यापासून लांब जात असेल तर सरळ कॅमेऱ्यातही तो उताराचा दिसतो. खात्री करायची तर फ्रेमच्या मध्याजवळचा एक दिवा आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब घ्या. दोन्ही जोडणारी रेघ बरोबर उभी असली पाहिजे. ती उभी असेल तर काठ वाकडा राहू द्या. "होरायझन सरळ करा" असं डोळे मिटून लिहिणाऱ्यांमुळे लोक नीट असलेले फोटो वाकडे करून बसतात.

वेळही सुचवेन. साडेआठला आकाश पूर्ण काळं असतं आणि फोटोत दिव्यांचे नुसते पांढरे डाग होतात. सूर्यास्तानंतर साधारण १५ ते ३५ मिनिटांत आकाशाची निळाई आणि दिवे यांचा मेळ बसतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमारास, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, त्याप्रमाणे ट्रायपॉड आधीच लावून ठेवायचा. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, आणि लेन्स जुनी असेल तर ट्रायपॉडवर तिचं स्टॅबिलायझर बंद.

आता प्रचि २. काढणारी नवीन आहे, म्हणून एकच गोष्ट सांगायची. कोणती, हे निवडायला थोडा विचार लागतो. तुरा पुसला गेला, चेहरा काळा, फ्लेक्स मागे असे तीन दोष दिसतात. पण मागचा फ्लेक्स लपवायला पोर्ट्रेट मोड लावला गेला असणार, त्या मोडने कडा ओळखताना तुऱ्याची झिरमिळीत किनार खाल्ली, आणि फ्लेक्सचा पांढरा भाग उजळ म्हणून मोबाइलने चेहरा खाली ओढला. मूळ एकच, पार्श्वभूमी. तेवढंच सांगावं:

"तिची नजर आणि हसू अगदी नेमक्या वेळी टिपलंय. पुढच्या वेळी साधा मोड ठेव, २x झूम लाव, आणि यात्रा येण्याआधी एखाद्या दुकानाच्या पायरीवर उभी राहा. फूट-दीड फूट वरून काढलं की मागे फ्लेक्सच्या जागी डांबरी रस्ता येतो. काळपट रस्त्यावर फेट्याचा रंग उठून दिसतो आणि काही लपवावं लागत नाही."

खाली बसून काढ असा सल्ला इथे बरेच जण देतील. गोखले रोडवर खाली बसलं की मागे पांढरं आकाश, केबलच्या तारा आणि आणखी वरचे फ्लेक्स येतात. जागा माहीत असेल तर सल्ला त्या जागेपुरता द्यावा.

चेहऱ्याचं तिला दुसऱ्या फोटोच्या वेळी सांगता येईल: चेहऱ्यावर बोट दाबून ठेवून फोकस लॉक करायचा, मग बाजूचं सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवायचं. एकाच दिवशी सगळं ओतायची गरज नाही.

---

पारसिक_हिल (बेलापूर)

दुसऱ्याचा फोटो एडिट करून टाकण्याबद्दल. परवानगीशिवाय नको, आणि परवानगी असली तरी शक्यतो नको. एडिट केलेला फोटो समोर आला की सगळे "आता बघा किती मस्त!" म्हणतात, आणि मूळ माणसाला तो आपला वाटेनासा होतो. शिवाय त्याला स्लायडरचे आकडे कळत नाहीत. क्रॉप सुचवायचा असेल तर स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलच्या मार्कअपने चौकट आखा. उजेड सुचवायचा असेल तर शब्दांत सांगा: "सावल्या +२०, हायलाइट −३०, बाकी तसंच." तो स्वतः करेल तेव्हा हात बसेल.

फोटो कुठे जाणार आहे हेही विचारा. पीएसए (अमेरिका), एफआयएपी (आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि आरपीएस (ब्रिटन) या छायाचित्रण संस्थांनी स्पर्धांसाठी निसर्ग-छायाचित्राची एकच व्याख्या मान्य केली, ती २०१५ मध्ये लागू झाली. तिच्यात क्रॉप चालतो, सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणं चालतं, पण चित्रातली वस्तू हलवणं, घालणं किंवा पुसणं चालत नाही. कुणी भाबडेपणाने सुचवतं, "तो डावीकडचा खांब क्लोन करून (शेजारचा भाग वर चिकटवून) पुसून टाका." माणूस करतो, स्पर्धेच्या नेचर विभागात पाठवतो आणि बाद होतो. तसंच प्रचि १ मधल्या इमारती: माणसाच्या खुणा निसर्गकथेचा अविभाज्य भाग असतील तरच त्या विभागात चालतात, म्हणून तिथे जोखीम आहे. पण "शहराच्या कुशीतले रोहित" हाच विषय असेल, तर इमारती काढायला सांगणं म्हणजे फोटोचा जीवच काढणं. दोन्ही सल्ले बरोबर, जागा वेगळी.

आणि फाइल नीट आली नाही तर वरचं सगळं वाया. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप ६००० x ४००० चं चित्र लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर आणतं, दाबतं, आणि शटर-छिद्राची माहितीही काढून टाकतं. त्या चित्रावरून शार्पनेस ठरवू नये. चर्चेसाठीचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा नियम करा. लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि एसआरजीबीमध्ये (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगसंचात) एक्सपोर्ट पुरेसा आहे. ॲडोबी आरजीबीत ठेवलेले फोटो अनेक ठिकाणी फिके दिसतात आणि लोक उगाच "रंग मेलेत" लिहितात. फोकसची तक्रार असेल तेव्हाच मूळ आकाराचा तुकडा वेगळा मागवा. डॉक्युमेंटमध्ये जीपीएस मात्र तसंच राहतं, तेव्हा पक्ष्यांच्या आणि घराजवळच्या फोटोंतून ते आधी काढा.

---

मासुंदाकाठ (ठाणे)

खूप खूप आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. तलावपाळीच्या फोटोवाल्याला विचारलं, चांदण्या मुद्दामच आणल्या होत्या. एफ/१६ चा प्रयोग तो करणार आहे.

दोन शंका उरल्या. प्रत्यक्ष भेटीत हे कसं करायचं? तिथे एक-दोघेच बोलत राहतात. आणि एखाद्या फोटोत धरून ठेवावं असं काहीच सापडलं नाही तर? खोटं कौतुक करायचं नाहीये.

---

खाडीकाठ (ऐरोली)

आधी चेंदणीकर यांचं म्हणणं मान्य, प्रश्न आधी हवा.

खोटं कौतुक नकोच, ते लगेच ओळखू येतं. फोटोत काही नसेल तर निवडीबद्दल बोला. माणूस तिथे का थांबला, हे नेहमी विचारण्यासारखं असतं. "या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या फुलवालीपाशी तुम्ही थांबलात, तिच्यात काय दिसलं?" उत्तर येईल "तिचे हात." मग खरा अभिप्राय तिथे सुरू होतो: हात फ्रेमचा किती भाग आहेत? दहावा हिस्साही नाहीत. तीन पावलं पुढे जा, परडी आणि हात एवढंच घ्या. फोटो फसलेला असतो, पण पाहणं बहुतेक वेळा फसलेलं नसतं. त्या पाहण्यापर्यंत त्याला परत नेता आलं तर पुरे.

भेटीसाठी: एका तासात आठ फोटोंच्या वर घेऊ नका. एका फोटोला सात मिनिटं. पहिला एक मिनिट कुणीच बोलायचं नाही, नुसतं बघायचं. हा मिनिट लोकांना जड जातो, पण तो काढू नका. कडांवरचा कापलेला हात, मागच्या माणसाच्या डोक्यातून उगवलेला खांब, हे सगळं विसाव्या-तिसाव्या सेकंदानंतर दिसायला लागतं. पुढची दोन मिनिटं इतरांनी फक्त दिसतंय ते सांगायचं, चांगलं-वाईट नाही. "नजर आधी फ्लेक्सच्या लाल अक्षरांवर जाते, मग चेहऱ्यावर." काढणाऱ्याने तोवर गप्प राहायचं. कारण तो आधीच बोलला की सगळ्यांना तेच दिसू लागतं. मग त्याने आपला हेतू सांगायचा. हेतू आणि लोकांना दिसलेलं यांत जे अंतर निघेल, उरलेली तीन-चार मिनिटं फक्त त्यावर.

म्हणजे भेटीत हेतू उशिरा विचारायचा आणि ग्रुपवर आधी. हे उलटसुलट वाटेल, पण भेटीत दहा जोडी डोळे कोरे असतात, त्यांचा फायदा घ्यावा. ग्रुपवर लोक एकेकटे आणि घाईत लिहितात, तिथे प्रश्न आधी बरा.

बोलण्याची सुरुवात सर्वांत नव्या सदस्याकडून करा आणि जाणकारांना शेवटी ठेवा. जाणकार आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात. आणि फोटो कुणाचा आहे हे पहिल्या तीन मिनिटांत सांगू नका. ग्रुपमधल्या ज्येष्ठ काकांचा फोटो आहे हे कळलं की कुणी तोंड उघडत नाही.

---

भरती_ओहोटी (नेरूळ)

यात एक जोड. ज्याच्या फोटोवर चर्चा झाली, त्याने पुढच्या भेटीत त्याच विषयाचा नवा फोटो आणायचा, जुना आणि नवा शेजारी शेजारी दाखवायचे. सल्ला बरोबर होता की नाही हे तेव्हाच कळतं, आणि सल्ला देणाऱ्यावरही जबाबदारी येते. १/२५०० सांगितलं आणि तरी पंख हललेले आले, तर मग पॅनिंग (पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं) नीट होत नाही किंवा ऑटोफोकस सिंगलवर (एकदाच फोकस धरणाऱ्या मोडवर) राहिलाय का, हे शोधायला लागता येतं.

---

पारसिक_हिल (बेलापूर)

हॉलमधल्या टीव्हीचं राहिलं. दुकानातून येतो तसा टीव्ही "व्हिव्हिड" किंवा "डायनॅमिक" मोडवर असतो. रंग भडक, कडांभोवती पांढरी रेघ, सावल्या काळ्याकुट्ट. त्यावर बघून "ओव्हर-शार्प झालंय" म्हणणं हा फोटोवर अन्याय आहे. "मूव्ही", "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" मोड लावा, शार्पनेस शून्याजवळ आणा, इको मोडमुळे उजेड आपोआप कमी-जास्त होत असेल तर तो बंद करा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडद्यावर येणार नाही अशी बैठक लावा. पेन ड्राइव्हवरून थेट लावताना काही टीव्ही फोटो कापून भरतात, म्हणून "स्क्रीन फिट" किंवा "जस्ट स्कॅन" निवडलंय ना ते आधी तपासा. कडांवरची चर्चा करायची तर चारही कडा पडद्यावर हव्यात.